लहान राष्ट्रांचे परराष्ट्रधोरण : पालि वाङ्मयाची साक्ष

बलाढ्य शेजाऱ्याच्या छायेत वसलेल्या लहान राष्ट्राने आपले स्वातंत्र्य कसे राखावे, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय संबंधांच्या शास्त्रात अलीकडचा समजला जातो. या विषयाचा स्वतंत्र अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. ॲनेट बेकर फॉक्स यांनी १९५९ मध्ये तुर्कस्तान, फिनलंड, नॉर्वे, स्वीडन व स्पेन या देशांनी महायुद्धाच्या काळात बड्या सत्तांच्या दडपणास कसे तोंड दिले, याचे विवेचन प्रसिद्ध केले. रॉबर्ट रॉथस्टीन यांनी १९६८ मध्ये लहान सत्ता आणि लष्करी मैत्रीकरार यांचा विचार मांडला. प्रश्न मात्र या ग्रंथांहून पुष्कळ जुना आहे. भगवान बुद्धांच्या हयातीत गंगेच्या उत्तरेकडील गणराज्यांपुढे तो प्रत्यक्ष उभा होता, आणि पालि वाङ्मयाने त्याची नोंद करून ठेवली आहे.

या नोंदीकडे आपण बहुधा धम्मोपदेशाचा एक भाग म्हणून पाहतो. तिच्याकडे राजकीय इतिहासाचे साधन म्हणूनही पाहावे, असे आम्हांस वाटते. तसे पाहिले असता आपल्यात रूढ झालेली एक समजूत तपासून घेणे भाग पडते. गणराज्ये ही लोकसत्ताक राज्ये होती आणि मगध व कोसल यांच्या साम्राज्यतृष्णेने ती गिळून टाकली, असे आपण व्याख्यानांतून सांगतो. यातील उत्तरार्ध खोटा नाही. पण तो अपुरा आहे. ज्या राज्यांचा नाश झाला त्यांच्या सभागृहांत काय चालले होते, हेही पालि ग्रंथ सांगतात. लहान राज्याचे परराष्ट्रधोरण त्याच्या सीमेवर सुरू होत नाही; ते त्याच्या संथागारात, म्हणजे सभागृहात, सुरू होते. तेथे कोणाला बसावयास मिळते आणि कोणाला मिळत नाही, यावर त्याचे भवितव्य अवलंबून असते. हा या लेखाचा प्रतिपाद्य विषय आहे.

१. शास्त्राची दृष्टी कोठे थांबते

सत्तावादी विचारवंत आपल्या परंपरेचा आरंभ ग्रीक इतिहासकार थुसिडिडीझ याच्यापासून मानतात. इ. स. पू. ४१६ मध्ये मेलॉस या लहान बेटावर अथेन्सचे आरमार आले. अथेन्स व स्पार्टा यांच्या युद्धात मेलॉसला तटस्थ राहावयाचे होते. अथेन्सच्या दूतांनी न्यायाची चर्चा करण्याचेच नाकारले. न्यायाचा प्रश्न बरोबरीच्या सत्तांमध्ये उद्भवतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मेलॉसच्या पुढाऱ्यांनी दैवावर आणि स्पार्टाच्या मदतीवर भिस्त ठेवली. मदत आली नाही. बेट पडले, पुरुषांची कत्तल झाली, स्त्रिया व मुले गुलाम म्हणून विकली गेली. वेढ्याच्या अखेरीस आतून काही फितुरी झाली, असेही थुसिडिडीझ सांगतो. पाठ्यपुस्तकांत दूतांचा संवाद सविस्तर येतो. फितुरीचा हा उल्लेख सहसा येत नाही.

आधुनिक सिद्धान्तांची दिशाही बाहेरचीच आहे. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार राष्ट्रांचे वर्तन मुख्यतः सत्तेच्या जागतिक वाटपावरून ठरते. राष्ट्राच्या आत काय आहे, हे गौण मानले तरी चालते. या दृष्टीने लहान राष्ट्रापुढे मोजकेच मार्ग उरतात. प्रबळ सत्तेविरुद्ध इतरांशी हातमिळवणी करावी, किंवा त्या प्रबळ सत्तेच्याच पक्षास मिळावे, किंवा तटस्थता पत्करावी. कौटिलीय अर्थशास्त्रातील संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव हे सहा गुण याच विचाराचे भारतीय रूप होय. त्या ग्रंथाचे बारावे अधिकरण तर दुर्बल राजाने बलवानाशी कसे वागावे, याच विषयाला वाहिलेले आहे.

या परंपरेत एक लक्षणीय अपवाद आढळतो. पीटर काट्झेनस्टाइन यांनी १९८५ मध्ये स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलंड्स व बेल्जियम या सात लहान युरोपीय देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जागतिक बाजारपेठेचे धक्के या देशांना टाळता येत नव्हते. म्हणून त्यांनी मालक, कामगार व शासन यांच्यात देशांतर्गत तडजोडीची पद्धत बसविली आणि तिच्या बळावर ते टिकले. बाहेरील दुर्बलतेवर आतील न्याय्य व्यवस्था हा उपाय होऊ शकतो, असा या विवेचनाचा निष्कर्ष निघतो. पालि वाङ्मयाचा अभ्यासक हा निष्कर्ष वाचतो तेव्हा त्याला गृध्रकूट पर्वतावरील एका प्रसंगाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी शाक्यांचा इतिहास पाहणे योग्य होईल.

२. शाक्य : उच्चकुलाभिमान आणि परराष्ट्रधोरण

अंगुत्तर निकायात सोळा महाजनपदांची यादी आहे. तीत शाक्यांचे नाव नाही. दीघ निकायातील अग्गञ्ञ सुत्तात शाक्य हे कोसलराज पसेनदीच्या अधीन असून त्याला वंदन करतात, असा स्पष्ट उल्लेख येतो. आजच्या भाषेत शाक्यांचे राज्य हे अंतर्गत स्वायत्तता असलेले मांडलिक राज्य होते.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या मांडलिकत्वाची जाणीव अचूक ठेवली आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याचा ठराव शाक्य संघापुढे येतो, सिद्धार्थ त्याला विरोध करतो, तेव्हा सेनापती त्याला शिक्षेचे भय दाखवितो. देहान्ताची किंवा हद्दपारीची शिक्षा कोसलराजाच्या अनुमतीवाचून देता येत नाही, हे सेनापतीला ठाऊक आहे. म्हणून तो सामाजिक बहिष्काराची आणि कुटुंबाची जमीन जप्त करण्याची धमकी देतो. या दोन गोष्टींना कोसलाची अनुमती लागत नाही. वरिष्ठ सत्तेपुढे हात बांधलेल्या राज्यालाही आपल्याच माणसावर बहिष्कार घालण्याचे सामर्थ्य मात्र शिल्लक असते. हे चित्र बहिष्काराचा अनुभव असलेल्या लेखणीतूनच उतरू शकते.

अट्ठकथांच्या परंपरेत रोहिणीचा कलह संबोधीनंतरचा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे शाक्य-कोलियांच्या तंट्याचा संबंध गृहत्यागाशी जोडला. कालानुक्रम कोणताही स्वीकारला तरी राजकीय वस्तुस्थिती बदलत नाही. कोलिय हे शाक्यांचे सोयरे होते, आकारानेही त्यांच्याच तोलाचे होते. कोसलाच्या दडपणाखाली असलेल्या शाक्यांना त्यांच्याहून स्वाभाविक मित्र दुसरा नव्हता. अट्ठकथेनुसार पाण्याचा तंटा शेतावरील दास-कामकऱ्यांच्या बोलाचालीतून सुरू झाला, एकमेकांच्या कुळाच्या उत्पत्तीवरून शिवीगाळ झाली, आणि ती शिवी ऐकताच दोन्हीकडील क्षत्रिय शस्त्रे घेऊन बाहेर पडले. पाणी वाटून घेता आले असते. कुळाची निंदा वाटून घेता येत नव्हती.

शाक्यांच्या नाशाची कथा भद्दसाल जातकाच्या व धम्मपदाच्या अट्ठकथेत आली आहे. पसेनदीने शाक्यांकडे विवाहासाठी कन्या मागितली. शाक्यांची सभा भरली. नकार दिला तर कोसलाचे वैर ओढवेल, कन्या दिली तर कुळाची शुद्धता भंगेल, असा पेच पडला. महानाम शाक्याने तोड सुचविली. नागमुंडा नावाच्या दासीपासून झालेली त्याची कन्या वासभखत्तिया ही शाक्य राजकन्या म्हणून पाठवावी, असे ठरले. कोसलाच्या दूतांनी खात्री करून घेण्यासाठी पित्याने कन्येबरोबर एका ताटात जेवावे, अशी अट घातली. महानामाने घास घेण्याचा बहाणा केला आणि ठरवून आणविलेले पत्र वाचण्याच्या निमित्ताने पुढचे भोजन टाळले. पोटच्या मुलीच्या ताटात जेवणे त्याला अशक्य होते!

तिचा पुत्र विडूडभ सोळाव्या वर्षी आजोळी आला. त्याच्याहून वयाने लहान असलेल्या शाक्यकुमारांना त्याला वंदन करावे लागू नये, म्हणून आधीच गावाबाहेर धाडण्यात आले. तो परत निघाल्यावर संथागारातील त्याचे आसन दासीपुत्राचे आसन म्हणून दूध मिसळलेल्या पाण्याने धुण्यात आले. विसरलेले शस्त्र आणण्यास मागे फिरलेल्या एका सैनिकाने ते पाहिले व ऐकले. पुढे सत्ता हाती येताच विडूडभाने कपिलवत्थूवर चाल केली. तथागतांनी तीन वेळा त्याला वाटेतून परत फिरविले. चौथ्या वेळी शाक्यांचा संहार झाला.

अट्ठकथा उत्तरकालीन आहे, आणि महापरिनिब्बान सुत्तात अस्थींचा वाटा मागणाऱ्यांत कपिलवत्थूचे शाक्य आढळतात. तेव्हा संहार समूळ झाला असे म्हणता येणार नाही. परंतु कथेने सांगितलेले कारण विचार करण्याजोगे आहे. परराष्ट्रनीतीच्या दृष्टीने शाक्यांपुढे दोन प्रामाणिक मार्ग होते. कोलिय-मल्लांशी एकजूट करून त्यांनी नकार द्यावयाचा, किंवा संबंध मनापासून स्वीकारावयाचा. दुसरा मार्ग घेतला असता कोसलाच्या सिंहासनावर त्यांचाच नातू बसला असता. लहान राज्याला याहून मोठी हमी कोणता तह देऊ शकतो? विशेष हे की, फसवणूक करूनही ती हमी त्यांच्या हाती आली होती. विडूडभ आजोळाला आपले मानून आला होता. शाक्यांनी आसन धुतले आणि हितसंबंधी राजा हाताने शत्रू केला.

विनयपिटकातील चुल्लवग्गात याच शाक्यांविषयी एक उलट प्रसंग आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किम्बिल व देवदत्त हे सहा शाक्यकुमार अनुपिया येथे प्रव्रज्येसाठी गेले, तेव्हा त्यांनी आपल्याबरोबरच्या उपाली न्हाव्याला आधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती केली. उपाली ज्येष्ठ ठरला म्हणजे आपण त्याला वंदन करू आणि आपला शाक्य-मान उतरेल, असे त्यांचे म्हणणे होते. रोगाचे निदान शाक्यांच्याच तरुणांना झाले होते. सहा जणांनी औषध घेतले. राज्याने ते घेतले नाही.

३. वज्जी : सात प्रश्नांचा अर्थ

वज्जींची गोष्ट निराळी. सोळा महाजनपदांत त्यांची गणना होते. मात्र त्यांचे बळ अनेक लहान कुळांच्या संघटनेतून आले होते, आणि वैशालीचे लिच्छवी हे तिचे प्रमुख अंग होते. मगधराज अजातसत्तूला हे राज्य नष्ट करावयाचे होते. बुद्धघोषांच्या सुमंगलविलासिनीत तात्कालिक कारण दिले आहे. गंगेकाठच्या एका ठिकाणी दोन्ही राज्यांची सामाईक मालकी होती. तेथे येणारा मौल्यवान माल लिच्छवी आधी येऊन घेऊन जात. म्हणजे युद्धाच्या मुळाशी व्यापारी मार्गाचा ताबा होता.

महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभ येथूनच होतो. अजातसत्तूचा ब्राह्मण महामात्य वस्सकार गृध्रकूटावर येतो आणि राजाचा मनोदय सांगतो. तथागत त्याला थेट उत्तर देत नाहीत. ते आनंदाला वज्जींविषयी सात प्रश्न विचारतात. वज्जी वारंवार व मोठ्या संख्येने सभा भरवितात का? एकमताने जमतात, एकमताने उठतात व कामे एकजुटीने करतात का? पूर्वापार वज्जीधम्म पाळतात का? वडीलधाऱ्यांचा मान राखतात का? कुलस्त्रियांवर व कुमारींवर बळजबरी करीत नाहीत ना? आपल्या चेतियांचा सत्कार करतात का? आणि न आलेल्या अर्हतांनी राज्यात यावे व आलेल्यांनी सुखाने राहावे, अशी व्यवस्था ठेवतात का?

राज्याच्या संरक्षणाविषयीच्या या प्रश्नांत हत्ती, रथ, कोश, तटबंदी यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नाही. सभा, कायदा, स्त्रियांची सुरक्षितता आणि परक्या साधूला मिळणारा आश्रय यांवर राज्याचे बळ मोजले आहे. यातील तिसऱ्या प्रश्नाचे अट्ठकथेने दिलेले स्पष्टीकरण मोलाचे आहे. वज्जींच्या राज्यात आरोपीला एकामागून एक अनेक अधिकाऱ्यांपुढून जावे लागे. निर्दोष वाटल्यास कोणताही अधिकारी त्याला सोडू शके. शिक्षा मात्र अखेरच्या पायरीवर, परंपरेने चालत आलेला न्यायलेख पाहूनच होई. सामान्य माणसाला असे संरक्षण लाभलेल्या राज्यात शत्रूला हेर मिळणे कठीण असते.

वस्सकार हुशार होता. त्याने उत्तरातून हवे ते उचलले. वज्जींना युद्धाने जिंकता येणार नाही. उपलापन, म्हणजे गोड बोलून व देणग्या देऊन वश करणे, आणि मिथुभेद, म्हणजे आपसांत फूट पाडणे, हेच उपाय उरतात, असे तो तेथेच बोलून गेला. पुढची हकीकत अट्ठकथा सांगते. राजाशी भांडण झाल्याचे नाटक करून वस्सकार वैशालीत आश्रयास आला. लिच्छवींनी त्याला अधिकारपद दिले. एकाच्या कानाशी लागून दुसऱ्याच्या मनात संशय निर्माण करीत त्याने तीन वर्षांत अशी स्थिती आणली की सभेचा नगारा वाजला तरी कोणी येईना. अजातसत्तू उघड्या वेशीतून आत शिरला.

अर्थशास्त्राच्या अकराव्या अधिकरणाचा विषयच संघांशी वागण्याची रीत हा आहे. त्यात राजा ही पदवी मिरविणाऱ्या संघांमध्ये लिच्छविक, वृजिक व मल्लक यांची नावे आहेत, आणि संघांत कलहाची बीजे कशी पेरावीत, याच्या तपशीलवार युक्त्या दिल्या आहेत. अर्थशास्त्राच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्या ग्रंथातील उपदेश आणि वस्सकाराची कृती शेजारी ठेवली असता लहान गणसत्तांविरुद्ध मोठ्या राजसत्तेचे हे मान्यताप्राप्त शास्त्र होते, याविषयी शंका राहत नाही.

४. दोन आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की, एकजूट कायम असती तरी मगधाचे बळ अखेर वरचढ ठरले असते. जैन परंपरेत या युद्धाची हकीकत वेगळी आहे. भगवतीसूत्रानुसार नऊ मल्लकी, नऊ लिच्छवी आणि काशी-कोसलचे गणराजे एकत्र येऊन लढले, आणि मगधाने महाशिलाकंटक व रथमुशल ही भयंकर युद्धसाधने वापरली. तेव्हा वज्जींनी आघाडीही उभारली होती आणि शस्त्रबळाचा प्रश्नही खरा होता. आम्ही हे नाकारीत नाही. मैत्रीची भाषा म्हणजे संरक्षण, असा अर्थ बाबासाहेबांनीही कधी केला नाही. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बोलताना त्यांनी पंचशीलावर विसंबलेल्या परराष्ट्रधोरणावर कठोर टीका केली आणि तिबेटवरील चीनच्या ताब्याचे परिणाम सांगितले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात वैशालीच्या सेनापतीच्या शंकेस दिलेले उत्तरही, शांततेचे सर्व उपाय थकल्यावर न्याय्य कारणासाठी केलेले युद्ध निंद्य नाही, अशाच आशयाचे आहे. अंतर्गत न्यायाने शस्त्राची गरज संपत नाही. त्याच्या अभावी मात्र शस्त्राचा उपयोग उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. वज्जींच्या सभेत तरी कोण बसत होते? क्षत्रिय कुळांचे प्रमुख. दास, कामकरी व स्त्रिया यांना तेथे स्थान नव्हते. पूर्वापार कायदा मोडू नये, हा नियम बहिष्कृतांच्या दृष्टीने नेहमीच सुखाचा असतो असेही नाही. म्हणून वज्जींची सभा हा आपला आदर्श आहे, असे म्हणताना सावध राहिले पाहिजे. तशाच स्वरूपाचे सात धम्म तथागतांनी लगेच भिक्खुसंघाला लावून दाखविले, ही गोष्ट येथे निर्णायक आहे. सभेची पद्धत त्यांनी ठेवली. सभेचे दार मात्र उपालीसाठी, आणि उपालीसारख्या अनेकांसाठी, उघडले. गणराज्यांना जे जमले नाही ते संघाने केले.

५. सिलोन : १९५१ ते १९८७

हा विचार आधुनिक काळात तपासण्यासाठी श्रीलंकेचे उदाहरण घेणे उचित ठरेल. थेरवादाची जन्मभूमी आपली असली तरी त्याचे ग्रंथ त्या बेटाने जतन केले. मे १९५० मध्ये कोलंबोस जागतिक बौद्ध परिषद भरली असता बाबासाहेब तेथे गेले होते. परिषदेचे प्रवर्तक गुणपाल मलालसेकर हे पालि विशेषनामकोशाचे कर्ते म्हणून अभ्यासकांना परिचित आहेत. पुढे १९५७ मध्ये ते सोव्हिएत संघात आपल्या देशाचे पहिले राजदूत झाले. पालि पंडिताने लहान राष्ट्राचे परराष्ट्रकारण सांभाळल्याचे हे उदाहरण आम्हांस विशेष वाटते.

१९४८ मध्ये स्वतंत्र झालेल्या सिलोनची स्थिती कौटिल्याच्या भाषेत संश्रयाची होती. ब्रिटनशी संरक्षणकरार होता आणि त्रिंकोमालीचा आरमारी तळ १९५७ पर्यंत ब्रिटिशांकडे होता. असे असूनही या देशाने दोन प्रसंगी स्वतंत्र बुद्धी दाखविली. सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जपानशी तह करण्यासाठी परिषद भरली. भारत तेथे गेला नाही. सिलोनचे अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने यांनी जपानला पूर्ण स्वातंत्र्य मिळावे, अशी बाजू मांडली. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो व त्रिंकोमालीवर जपानी विमानांनी बाँब टाकले होते. नुकसानभरपाईचा हक्क सिलोनला होता. वैराने वैर शमत नाही, या बुद्धवचनाचा आधार देऊन त्यांनी तो हक्क सोडला. हे वचन धम्मपदाच्या पहिल्या वग्गातील पाचव्या गाथेत आहे. भाषणाचा परिणाम मोठा झाला आणि जपानने ते उपकार दीर्घकाळ स्मरणात ठेवले.

दुसरा प्रसंग १९५२ चा. कोरियन युद्धाच्या काळात तांदूळ महागला आणि पुढे सिलोनच्या रबराचा भाव उतरला. डिसेंबर १९५२ मध्ये कम्युनिस्टविरोधी सरकार असतानाही सिलोनने चीनशी पाच वर्षांचा करार केला. वर्षाला ५०,००० टन रबर द्यावयाचे आणि २,७०,००० टन तांदूळ घ्यावयाचा. चीनला युद्धोपयोगी माल देण्यावर संयुक्त राष्ट्रसंघाने बंदीची शिफारस केली होती. सिलोन १९५५ पर्यंत त्या संघाचा सदस्यच नव्हता. अमेरिकेने साहाय्य रोखून धरले. सिलोनने करार मोडला नाही. लोकांच्या अन्नाचा प्रश्न समोर ठेवून लहान राष्ट्र दोन्ही गटांशी आपल्या अटींवर वागू शकते, हे या कराराने दाखविले.

याच काळात आत काय चालले होते? १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने चहाच्या मळ्यांवरील लक्षावधी भारतीय तमिळ मजुरांना नागरिकत्वाबाहेर ठेवण्यात आले. या मजुरांतील मोठा भाग तमिळ प्रदेशात अस्पृश्य मानलेल्या जातींतून गेलेला होता. ज्यांच्या श्रमावर देशाची निर्यात उभी होती, त्यांना सभेत जागा नव्हती. परिणामी एका अंतर्गत प्रश्नाचा परराष्ट्रप्रश्न झाला. ऑक्टोबर १९६४ मध्ये सिरिमावो बंडारनायके आणि लालबहादूर शास्त्री यांच्यात करार होऊन ९,७५,००० माणसांची विभागणी करण्यात आली : ५,२५,००० भारताकडे, ३,००,००० सिलोनकडे आणि १,५०,००० लोकांचा निर्णय पुढे ढकललेला. मळ्यांवर जन्मलेली माणसे आकड्यांत वाटली गेली. या प्रश्नाचा शेवट होण्यास २००३ चा कायदा यावा लागला.

१९५६ मध्ये सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरली. १९५७ मध्ये पंतप्रधान सॉलोमन बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम् यांच्याशी समेटाचा करार केला. विरोधकांच्या व भिक्खूंच्या दबावाखाली तो १९५८ मध्ये रद्द झाला. सप्टेंबर १९५९ मध्ये त्याच पंतप्रधानांची हत्या एका भिक्खूच्या हातून झाली. हे लिहिताना आम्हांस दुःख होते. पण बौद्ध नियतकालिकाने ते वगळणे हे धम्माशी अप्रामाणिकपणाचे होईल. जुलै १९८३ मध्ये तमिळांची भीषण कत्तल झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी जयवर्धनेच होते. सॅन फ्रान्सिस्कोत परक्या शत्रूसाठी उच्चारलेली मैत्री आपल्याच नागरिकांच्या वाट्याला आली नाही.

राजकीय परिणाम चार वर्षांत दिसला. जून १९८७ मध्ये भारतीय विमानांनी श्रीलंकेची संमती न घेता जाफन्यावर मदतसामग्री टाकली. २९ जुलै १९८७ रोजी जयवर्धने यांनी राजीव गांधी यांच्याबरोबर करारावर सही केली. भारतीय सेना बेटावर उतरली आणि मार्च १९९० पर्यंत राहिली. भारताच्या हितास बाधक अशा लष्करी उपयोगासाठी त्रिंकोमाली कोणालाही न देण्याचे आश्वासन सोबतच्या पत्रांत द्यावे लागले. शेजारी सत्तेच्या हेतूंची चर्चा स्वतंत्रपणे करता येईल. तमिळ अतिरेकी संघटनांनी केलेला हिंसाचारही विसरता येत नाही. परंतु वेस आतून उघडली नसती, तर बाहेरच्या सत्तेला ती ओलांडणे इतके सोपे झाले नसते. गृहयुद्ध मे २००९ मध्ये संपले, तोवर एका पिढीचे आयुष्य व राष्ट्राची संपत्ती खर्ची पडली होती. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेकराराने चिनी कंपनीच्या हाती गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाला विदेशी कर्जाची परतफेड थांबवावी लागली. या आर्थिक संकटाची कारणे अनेक आहेत. दीर्घ युद्धाचा खर्च हे त्यांतील एक.

६. उपसंहार

१९५१ चा सिलोन आणि १९८७ ची श्रीलंका यांच्या आकारात फरक नव्हता, भूगोल तोच होता, शेजारीही तेच होते. केवळ सत्तेच्या वाटपावरून राष्ट्राचे वर्तन सांगणाऱ्या सिद्धान्ताला या दोन वर्षांतील अंतर पुरते स्पष्ट करता येत नाही. वस्सकाराला ते सहज कळले असते. तो राज्याची सेना मोजत नसे. सभेचा नगारा वाजल्यावर किती लोक येतात, हे मोजत असे.

भारत हे लहान राष्ट्र नाही. तरीही हा धडा आपल्यासाठी परका नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी बौद्ध संघाच्या सभापद्धतीचे स्मरण करून दिले. त्याच भाषणात, या देशाने पूर्वी आपले स्वातंत्र्य आपल्याच माणसांच्या फितुरीमुळे गमावले होते, असे बजावून त्यांनी जाती या राष्ट्रविरोधी आहेत, असे सांगितले. या तीन गोष्टी त्यांनी एका भाषणात आणल्या, हा योगायोग मानता येणार नाही. सभा, फितुरी आणि जात यांचा संबंध पालि ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या त्या महापुरुषास स्पष्ट दिसत होता.

आपल्या विहारांतून महापरिनिब्बान सुत्ताचे वाचन होते, तेव्हा सात अपरिहानिय धम्म वज्जींची स्तुती म्हणून ऐकले जातात. त्यांच्याबरोबर भद्दसाल जातकाची कथा आणि चुल्लवग्गातील उपालीचा प्रसंगही वाचला जावा, अशी आमची सूचना आहे. ही तीन वाचने एकत्र केली म्हणजे कोणत्याही राज्याविषयी, संस्थेविषयी, किंबहुना आपल्या स्वतःच्या संघटनांविषयीही एक प्रश्न विचारणे सोपे होते : येथे अजून कोणाचे आसन धुतले जात आहे?